रोज एक फरशी

सोमवार, २ सप्टेंबर

चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढली. लोकांच्या जमिनी मोजल्या, हद्दी ठरवल्या, दगड रोवले. डोकी फोडायला निघालेल्या भावाभावांच्या मधोमध उभा राहून ‘दगड इथेच’ म्हणून ठणकावलं आणि तो तसूभर हलू दिला नाही. आणि आज वयाच्या चौसष्टाव्या वर्षी नऊ इंच उंचीच्या स्टुलावर दोन तास बसून आलो. उठताना बालवाडीतल्या मावशींनी हात दिला म्हणून बरं, नाहीतर अजून तिथेच असतो.

नातीला बालवाडीत घातलं. साडेतीन-चार वर्षांची आहे. गालात काहीबाही साठवून ठेवायची सवय, म्हणून तिला आम्ही खारू म्हणतो. आज बिस्किट साठवलं होतं.

या बालवाडीची पद्धत अजब आहे. मूल दारात सोडून पळायचं नाही. घरचं एक माणूस आत येऊन बसायचं. त्याच्यासाठी एक बुटकं स्टूल. पहिल्या दिवशी ते चटईच्या अगदी कडेला. मग रोज एक फरशी मागे. चटईपासून उंबरठ्यापर्यंत नऊ फरश्या (मी मोजल्या, दोन फुटी आहेत), पुढे व्हरांड्याच्या पाच, मग पायऱ्या, अंगण, फाटक. फाटकाबाहेर गेलं की माणूस सुटला. मूल रडलं तर दुसऱ्या दिवशी स्टूल आहे तिथेच. सरकवताना मुलाला दाखवून, सांगून सरकवायचं. आणि बसून मुलाशी खेळायचं नाही, आपलं काहीतरी काम घेऊन बसायचं.

“काम म्हणजे काय?” मी बाईंना विचारलं. बाई माझ्या मुलीपेक्षाही लहान आहेत.

“काहीही, आजोबा. मुलांना मोठी माणसं कामात दिसली की बरं वाटतं.”

बालवाडीतल्या पुस्तकांची लक्तरं झाली आहेत. खात्यात आम्ही फाटक्या नकाशांना मागच्या बाजूने कापड खळीने चिकटवायचो. म्हटलं, हे करतो. बाई खूश झाल्या.

आता मुद्द्याचं. मुलगी आणि जावई इथून दहा तासांवरच्या शहरात, एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कामाला. दोघांच्या पाळ्या. खारू दीड वर्षाची असताना ‘सहा महिने ठेवा’ म्हणून ठेवली, त्याला सव्वादोन वर्षं झाली. आता मुलीला कायमची दिवसपाळी मिळाली आहे. रुग्णालयाच्या शेजारीच शिशुशाळा आहे, तिथे एक ऑक्टोबरला जागा आहे. पण तिथे घरच्यांना आत घेत नाहीत. मूल एकटं बसत असेल तरच घेतात, नाहीतर पुढच्या वर्षी या म्हणतात. म्हणजे महिन्याभरात खारू एकटी बसली तर आईकडे जाणार, नाही बसली तर अजून वर्षभर आमच्याकडे.

मुलगी म्हणत होती, मी रजा काढून येते, मी बसते स्टुलावर. मी म्हटलं, कशाला उगाच? मी आहे ना.

बसेल खारू. पोर हुशार आहे.

बुधवार, ४ सप्टेंबर

दुसरी फरशी. प्रगती व्यवस्थित. खारू माझ्या गुडघ्याला टेकून ठोकळे लावते. बाई म्हणतात, तुम्ही जरा पाय आत घ्या. पाय आत घ्यायला ते काय सिंहासन आहे?

शेजारच्या स्टुलावर एक गवंडी बसतो. त्याच्या मुलीला सगळे भोंगा म्हणतात आणि ते नाव तिने दोन दिवसांत सार्थ केलं आहे. रडायला लागली की मावशी खिडक्या लावून घेतात. गवंडीबुवा एका जागी बसणारा माणूस नाही. पहिल्या दिवशी त्याने मोरीची उखडलेली कड बसवून दिली, आज कपाटाखाली पाचर घातली. मला म्हणाला, “साहेब, तुमची नात शांत आहे, तुम्ही आमच्या आधी सुटणार.”

मी म्हटलं, “बघू.”

घरी आल्यावर हिने गुडघ्याला तेल लावून दिलं. हिचे स्वतःचे गुडघे गेलेले, म्हणून स्टूल माझ्या वाट्याला आलं. शिवणयंत्रावर बसल्या बसल्या म्हणते, “जन्मात कधी मुलीच्या शाळेत गेला नाहीत. आता फिटतंय सगळं.” मला फिरती असायची, हे हिला माहीत आहे. तरी बोलते.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

आज खारू रडली. चौथ्या फरशीवर जायचं होतं. मी नियमाप्रमाणे सांगितलं, “खारू, आज आजोबा आणखी एक फरशी लांब जाणार बरं का. लांब म्हणजे फार लांब नाही. पण जाणार. तुला चालेल ना? नाही चालत का? घाबरू नकोस हं, अजिबात घाबरू नकोस.” तेवढ्यात तिने भोकाड पसरलं. स्टूल तिसरीवरच राहिलं.

बाई म्हणाल्या, “आजोबा, एकाच वाक्यात सांगत जा.”

भोंगा न रडता चौथीवर गेला. म्हणजे गवंडीबुवा गेले. बापाने फक्त म्हटलं, “मी तिथे बसतो,” आणि जाऊन बसला.

मला वाईट वाटलं असं इथे लिहायला हवं. पण खरं सांगायचं तर घरी येताना खारूने माझं बोट धरलं होतं आणि ती रस्ताभर बडबडत होती, आणि मला अगदी मजेत वाटत होतं. भूकही चांगली लागली.

मंगळवार, १० सप्टेंबर

चौथी फरशी, आणि एक विचित्र प्रकार.

मी पुस्तक चिकटवत बसलो होतो. खारू पाण्याच्या टपाजवळ भोंग्याबरोबर होती. दोघींनी बाह्या वर केलेल्या. मी घड्याळ बघितलं, पस्तीस मिनिटं झाली तरी तिने एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. पोर ठीक आहे ना, बोलत का नाही, असं मनात आलं. तेवढ्यात मला खोकला आला. घशात काहीतरी अडकलं असेल, खळीचा वास उग्र असतो. दोनदा खोकलो. खारूने चटकन मान वळवली, माझ्याकडे बघितलं, हातातला मग टाकला आणि रडतच पळत आली.

बघा, म्हणजे आतून घाबरलेलीच होती बिचारी. वरवर शांत दिसतात ही मुलं. मी बाईंना तसं सांगितलंही. बाई माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “उद्यापासून पाणी आणत जा बरोबर.”

गुरुवार, १२ सप्टेंबर

पाचवी फरशी. गवंडीबुवा आज फाटकाबाहेर गेले; भोंगा रमलेला बघून बाईंनी त्यांना या आठवड्यात रोज तीन-चार फरश्या सरकवायला लावल्या होत्या. जाताना माझ्याशी हात मिळवला, जसा काही तो निवृत्त होतोय. सगळ्या मुलांच्या उंचीला येईल असा हात धुवायचा कट्टा बांधून गेला पठ्ठ्या. भोंग्याने त्याला दारातून हात केला आणि आत जाऊन दुसऱ्याचे ठोकळे हिसकावून घेतले.

संध्याकाळी मुलीचा फोन. फोनवर तोंडं दिसतात. हिने खारूला पुढे बसवलं. खारूने आईला नवी चप्पल दाखवली, ठोकळा दाखवला आणि शहाण्यासारखं विचारलं, “तुम्ही जेवलात का?” पाहुण्यांना विचारायचं असतं म्हणून मीच शिकवलंय, फार गोड विचारते. मुलगी काही बोलली नाही. बहुधा आवाज तुटत होता. मग म्हणाली, “बाबा, मी येऊ का खरंच? आठवडाभर मिळेल रजा. मीच बसायला हवंय ना तिथे?”

मी म्हटलं, “अगं, नवीन दिवसपाळी मिळाली आहे, लगेच रजा कशाला? इथे सगळं बैजवार चाललंय.”

फोन ठेवल्यावर ही म्हणाली, “येऊ द्यायचं होतं तिला.”

“दहा तासांचा प्रवास आहे.”

“प्रवास ती करणार होती. तुमचं काय दुखलं?”

या घरात माणसाने काळजी करणंही गुन्हा झालाय.

सोमवार, १६ सप्टेंबर

आजचं लिहू की नको असं दोनदा झालं. पण ही वही म्हणजे ऑफिसची कोरी राहिलेली मोजवही आहे. हिच्यात मी कधी खोटं लिहिलं नाही. नव्हतं.

शुक्रवारी स्टूल सहाव्या फरशीवर होतं. रोज जिथे स्टूल थांबतं तिथे बाई खडूने रेघ मारतात. दुसऱ्या दिवशी तिथून पुढे. आज सातवीची पाळी. उंबरठा दोन फरश्यांवर आला.

सकाळी उगाच लवकर गेलो. खारूला ही मागून घेऊन येणार होती. वर्गात कोणी नव्हतं, मावशी बाहेर बादली भरत होत्या. मी स्टूल उचललं आणि पाचव्या फरशीवर ठेवलं. रुमालाने सहावीवरची रेघ पुसली, पाचवीवर नवी मारली. मग मुलं आल्यावर खारूला नीट सांगून, एका वाक्यात सांगून, पाचवीवरून सहावीवर सरकवलं. म्हणजे सरकवलं, आणि सरकलं नाही.

चौतीस वर्षांत मी हद्दीचा दगड हलवला नाही. एकाने घरी आंब्याची पेटी पाठवली होती, ती मी त्याच्या दारात नेऊन आपटली होती. आणि आज दोन फुटांसाठी, तेही लाकडी स्टुलाचे! कपाळाला हात लावून बसलोय. कशासाठी केलं मी हे? खारूला एक दिवस जास्त मिळावा म्हणून. पोर लहान आहे, घाई कशाला करायची? दुसरं काही कारण नाही.

मावशींनी पाहिलं नसावं.

मंगळवार, १७ सप्टेंबर

आज बाई म्हणाल्या, “आजोबा, आजपासून स्टूल खारू सरकवेल.”

मी म्हटलं, “तिला झेपणार नाही.”

“रिकामं स्टूल आहे, आजोबा.”

खारूने दोन्ही हातांनी स्टूल धरलं आणि ढकलत निघाली. मला वाटलं एका फरशीवर थांबेल. कसली थांबतेय! सातवी, आठवी, नववी. थेट उंबरठ्यापाशी नेऊन ठेवलं, हात झटकले, म्हणाली, “आजोबा, इथे तुला वारा लागेल.” आणि गेली. रडणं नाही की काही नाही. मी बाईंना म्हटलं, तिला मोजता येत नाही अजून, हे धरू नका. बाई म्हणाल्या, धरलं.

मी उंबरठ्यात बसून पुस्तक उलटं चिकटवलं. पुन्हा सोडवावं लागलं.

बुधवार, १८ सप्टेंबर

व्हरांडा. खोकला आला. ती धावत बाहेर आली, माझं तोंड निरखलं, आणि मग रडली. आधी निरखलं आणि मग रडली, हे आज मला जरा खटकलं.

गुरुवार, १९ सप्टेंबर

मी व्हरांड्यात, खिडकीखाली. वर्गात बाहुल्यांचा कोपरा त्याच खिडकीला लागून आहे. आत खारू आणि भोंगा. मला दिसत नव्हत्या, पण ऐकू येत होतं. शब्दन् शब्द इथे उतरवतो.

खारू म्हणाली, “हे आजोबा. हे त्यांचं स्टूल.”

भोंगा म्हणाला (म्हणाली), “ते का बसलेत?”

“ते नवीन आहेत ना. त्यांना एकट्याने घरी राहता येत नाही अजून.”

“रडतात?”

“नाही. खोकतात. खोकले की समजायचं, त्यांना भीती वाटली. मग मी रडते. मी रडले की बाई त्यांना लांब पाठवत नाहीत.”

“मग ते मोठे कधी होणार?”

“होतील हळूहळू,” खारू म्हणाली. “आपण ओरडायचं नाही त्यांना.”

माझ्या हातातून खळीची वाटी पडली. शर्टावर, पँटवर सगळीकडे. मावशी फडकं घेऊन आल्या, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता फडकं हातात देऊन गेल्या.

मुलं गेल्यावर बाईंना गाठलं. म्हटलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या खोकल्यापासून.”

“आणि सोमवारचं?”

बाई हसल्या. “आजोबा, आम्ही खडूने कशीही रेघ मारतो. सोमवारची रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ होती. दोन्ही टोकांना खुणा पण होत्या.”

खुणा! हद्दीच्या रेघेला टोकाला खूण करायची सवय. चोरी केली ती पण खात्याच्या शिस्तीत. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मग बोलला का नाहीत?”

“स्टूल घरच्यांसाठीच असतं, आजोबा. मुलांना चटई आहे. कोणाला चार दिवस लागतात, कोणाला महिना.” मग त्यांनी विचारलं, “तिच्या आईला खरंच रजा मिळत नाहीये का?”

मी बाईंना तसं सांगितलं होतं, हे इथे लिहिलेलं नाही. सांगितलं होतं.

शुक्रवार, २० सप्टेंबर

काल घरी येऊन हिला सगळं सांगितलं. वाटलं होतं हसेल, नाहीतर तोंडसुख घेईल. हिने यंत्र थांबवलं, धागा तोडला आणि म्हणाली, “मला पण ती जायला नकोय हो.” एवढं म्हणून डोळ्यांना पदर लावला. सव्वादोन वर्षं आम्ही दोघं एकमेकांपासून हे लपवत होतो. मग दोघंही जरा वेळ रडलो. खारू झोपली होती म्हणून बरं, नाहीतर तिला पुन्हा आम्हाला सांभाळावं लागलं असतं.

आज मुलीला फोन केला. म्हटलं, “ये. रजा काढ आणि ये. मी तुला येऊ दिलं नाही, ते माझं चुकलं.”

ती म्हणाली, “बाबा, तिला मी परकी आहे. ती मला अहो-जाहो करते. मी स्टुलावर बसले आणि ती माझ्याकडे आलीच नाही तर?”

माझ्याच पायी झालेलं. म्हटलं, “तू ये तर खरी.”

सोमवार, २३ सप्टेंबर

मुलगी काल आली. आज ती आत गेली. बाईंनी स्टूल पुन्हा चटईच्या कडेला आणून ठेवलं, पहिल्या दिवसासारखं. मी खारूला फाटकात सांगितलं, “आजपासून आई बसेल. मी घरी जातो.” एका वाक्यात होईना, दोन लागली. खारूने विचारलं, “तुला जमेल का?” म्हटलं, “प्रयत्न करतो.”

दुपारी दोघी आल्या. मुलीचा चेहरा उतरलेला. खारू दोन तासांत एकदाही तिच्याजवळ गेली नाही. एकदा फक्त लांबून येऊन विचारून गेली, तुम्हाला पाणी हवं का. मुलगी हिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. ही तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, “अगं, पहिला दिवस आहे. यांना बघ, तीन आठवडे लागले.”

मुलीने स्वतःचं कामही नेलं होतं. प्रयोगशाळेतल्या काचपट्ट्यांसाठी कागदाच्या चिठ्ठ्या कापायच्या. खारूने त्यातली एक पळवून गालात ठेवली, असं मुलगी म्हणाली. म्हटलं, अगं, हे तर फार मोठं आहे. परक्याचं काही ती गालात ठेवत नाही.

बुधवार, २५ सप्टेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवायचं आहे.

मी घरी बसायचं ठरलं होतं. बसलो नाही. हिला म्हटलं, चप्पल शिवून आणतो. बालवाडीच्या समोर चांभार बसतो हे खरं आहे, आणि माझी चप्पल तुटलेली नव्हती हेही खरं आहे. चांभाराने ती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि परत दिली. “बसा तसेच,” म्हणाला.

मुलं अंगणात आली. मुलगी पायरीवर स्टूल घेऊन बसली होती, मान खाली, चिठ्ठ्या कापत होती. एक तारीख जवळ आली म्हणून बाईंनी एकदम बाहेर बसवलं होतं. खारू घसरगुंडीच्या शिडीवर चढली. तिसऱ्या पायरीवरून पाय सटकला आणि तोंडावर पडली. उठली तेव्हा ओठ फुटला होता, हनुवटीवर रक्त.

मी कधी उठलो, रस्ता कधी ओलांडला, माहीत नाही. फाटकाच्या कडीवर हात होता. खारूने मला पाहिलं. “आजोबा!” अशी किंकाळी फोडली आणि दोन्ही हात पुढे करून माझ्याकडे पळत निघाली. तिच्या मागे मुलगी उभी राहिलेली. हातातल्या चिठ्ठ्या खाली पडलेल्या, एक पाय पुढे टाकलेला, आणि तिथेच थबकलेली. तिने मला पाहिलं होतं. माझी मुलगी होती ती, तिला मी चांगला ओळखतो. ती वाट सोडून उभी होती. माझ्यासाठी.

कडी काढली असती तर खारू माझ्या गळ्यात पडली असती. एक ऑक्टोबर गेला असता. मुलगी एकटीच परत गेली असती, मी नको म्हटलं असतं तरी गेली असती.

मी कडीवरचा हात काढला. म्हटलं, “खारू, आई तिथे आहे. मी घरी चाललो.”

आणि वळलो.

मागे असा आक्रोश केला पोरीने, की चांभार उभा राहिला. “आजोबा, आजोबा” म्हणत फाटक हलवत होती, लोखंड वाजत होतं. मी चालत राहिलो. पावलं मोजली, दुसरं काय करणार? वीस. तीस. एकेचाळिसाव्या पावलाला रडणं थांबलं. एकदम नाही, पण दबलं, कशाततरी तोंड खुपसल्यावर दबतं तसं. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर परत गेलो असतो.

दुपारी दोघी घरी आल्या. खारू मुलीच्या कडेवर, झोपलेली, ओठ सुजलेला. मुलीच्या पिवळ्या ड्रेसवर खांद्यापाशी रक्ताचा आणि शेंबडाचा हा एवढा डाग. ही म्हणाली, “आण इकडे, लगेच भिजत घालते, नाहीतर जायचा नाही.”

“राहू दे, आई,” मुलगी म्हणाली. ती संध्याकाळपर्यंत तोच ड्रेस घालून घरभर फिरत होती.

शनिवार, २८ सप्टेंबर

गेल्या दोघी. कालच मुलगी फाटकाबाहेर बसली आणि खारू आत एकटी राहिली. बस वेळेवर सुटली. नको तेव्हा वेळेवर सुटतात.

घरी येऊन हिने खारूचे राहिलेले दोन फ्रॉक घडी करून ठेवले, परत काढले, परत घडी केले. मी म्हटलं, पुरे आता. मग मी जाऊन तेच केलं.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

संध्याकाळी सहाला मुलीचा फोन. या वेळी तोंडं दिसायचा फोन नव्हता, नुसता आवाज.

तिथल्या शाळेत फाटकातच मूल काढून घेतात. तिसरा दिवस; रुग्णालयाला सुट्टी नसते म्हणून काल गांधी जयंतीलाही शाळा होती. खारू तिन्ही दिवस रडते आहे. आज डबाही खाल्ला नाही. शाळेच्या बाईंनी मुलीला सांगितलं, अजून आठवडाभर बघू, नाहीतर पुढच्या वर्षी आणा. मुलगी कामावर गेली तर हातातल्या नळ्या थरथरत होत्या, म्हणून वरिष्ठांनी तिला बाहेर बसवलं.

“बाबा,” ती म्हणाली, “मी तिला परत आणून सोडू का तुमच्याकडे? फक्त एक वर्ष. मला जमत नाहीये.”

हिचं यंत्र थांबलं होतं. ही माझ्याकडे बघत होती, मी हिच्याकडे. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. ‘आण’ म्हणायचं होतं. खोटं कशाला लिहू, माझ्या तोंडात आलं होतं.

म्हटलं, “नाही.”



“ऐक माझं. उद्या शाळेच्या बाईंना भेट. म्हण, मला आत नका घेऊ, पण फाटकाच्या आतल्या बाकावर पंधरा मिनिटं बसू द्या. नाही म्हटल्या तर परवा परत विचार. आणि खारूसमोर रडू नकोस. ती दुसऱ्याची काळजी करत बसते, तिला स्वतःसाठी रडायला वेळ उरत नाही. तुला रडायचं असेल तर मला फोन कर. रोज कर. कामावरून सुटलीस की कर.”

“तुम्ही काय करणार फोनवर?” तिने विचारलं.

“काही नाही. ऐकत बसेन.”

मग ती रडायला लागली. एवढीशी असताना तिला ताप आला होता, मी फिरतीवर होतो. दहावीला मार्क कमी पडले तेव्हाही मी फिरतीवरच होतो. तिचं रडणं मी आजवर कधी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. आज ऐकलं. ही उठून माझ्याजवळ येऊन बसली. चहा गार झाला. मी गप्पा मारल्या नाहीत, समजूत घातली नाही, घसाही साफ केला नाही. नुसता फोन कानाला लावून बसून राहिलो.

बऱ्याच वेळाने तिने नाक ओढलं आणि विचारलं, “बाबा, आहात ना?”

“आहे,” म्हटलं. “बस निवांत.”